वीस रुपयांची चिठ्ठी

शुक्रवारी मी तीनची बस ठरवून चुकवते. कॉलेज अडीचला सुटतं, स्टँड पाच मिनिटांवर आहे, चुकायचं तसं काही कारण नाही. पण शुक्रवार हा आमच्या तालुक्याच्या गावचा बाजाराचा दिवस, आणि साडेपाचच्या बसपर्यंतचे अडीच तास माझे एकटीचे असतात. घरी सांगताना मी दोष बसला देते. लालपरीच्या नावावर एवढं एक पाप खपून जातं.

बाजाराच्या मधोमध निंबाचं मोठं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी पोतं अंथरून एक मावशी बसते. सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी, हिरव्या मिरच्या, दिवस असले की बरबटी आणि पोपटाच्या शेंगा. गेल्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी गेले तर तिच्या डोक्यावर दोन बांबूंना भलामोठा फ्लेक्स बांधलेला. 'स्मार्ट बाजार संकुल'. तीन मजली इमारत, दर्शनी भागाला नुसती काच, पुढे कारंजं. कारंज्याभोवती गोरीगोमटी माणसं कागदी पिशव्या घेऊन हिंडत होती. एकाच्याही डोक्याला दुपट्टा नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. ज्यानं हे चित्र काढलं तो वऱ्हाडात आला असेल तर दिवाळीतच आला असेल.

"मास्तरीणबाई, वाचून सांगा बरं काय लिवलं हाय ते," मावशी म्हणाली. "सकाळपासून सावली मस्त पडून राह्यली, पन अर्थ काई समजत नाई."

मी वाचून दाखवलं. सगळ्यात मोठ्या अक्षरांत एक ओळ होती: नगरपरिषदेचा एक रुपयाही खर्च न करता.

"मंग पैसे कोन देते?" मावशीनं विचारलं आणि मिरच्यांवर पाणी शिंपडलं.

बसमध्ये बसल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. आमच्याकडे सोयरीक जुळवताना मुलाकडचे म्हणतात, "आम्हाला काही नको, फक्त मुलगी आणि नारळ." जाणता मामा असला तर तो तिथेच सावध होतो. कारण त्यानंतर फक्त वऱ्हाडाचं जेवण, फक्त पोराला गाडी, फक्त आत्याबाईंचा मानपान असं करत करत मुलीच्या बापाचा एक तुकडा विकला जातो. या संकुलाचंही तसंच होतं. बांधकामाचा खर्च विकासक करणार, हे खरं. पण जमीन नगरपरिषदेची, गावाच्या काळजातली, एक एकराच्या आसपास. तळमजल्याचा आणि पहिल्या मजल्याचा काही भाग बाजाराला. बाकीची जागा तीस वर्षांच्या पट्ट्यानं दुकानदारांना तोच देणार, अनामतही तोच घेणार. विकास शुल्कात सूट मागितलेली. संकुलापर्यंतचा सिमेंट रस्ता, नाली आणि दिवे नगरोत्थान योजनेतून. आमच्यासारख्या क वर्गाच्या नगरपरिषदेला त्यात शासन ९० टक्के देतं, म्हणून तो खर्च गावात कुणाला आपला वाटतच नाही. रुपया लागणार नव्हता. एकर लागणार होता.

याला अनुदान म्हणायचं की नाही, यावर आमच्या घरी पहिली ठिणगी पडली. बाबांच्या लेखी अनुदान म्हणजे शेतकऱ्याला मिळतं ते. २०२३ च्या खरिपासाठी कापूस-सोयाबीनवाल्यांना हेक्टरी ५ हजार रुपये, २ हेक्टरांपर्यंत, असं अर्थसाहाय्य जाहीर झालं, तेव्हा आधार, संमतीपत्र, ई-पीक पाहणीतली नोंद आणि सातबाऱ्यावर काकाचंही नाव म्हणून त्याची ना-हरकत, असे चार खेटे त्यांनी घातले. यादी लागली तेव्हा त्यांचं नाव अख्ख्या गावानं वाचलं. विकासकाला जे मिळतं त्याची अशी यादी कुठे लागत नाही. त्याला शब्दही वेगळा आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे अपवाद सोडून राज्यभर लागू झालेल्या बांधकामाच्या नियमावलीचं नावच 'एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली' असं आहे. बाबांना अनुदान, त्याला प्रोत्साहन. मी हे जेवताना म्हटलं तर बाबा हसले, आणि "मले बी थोडं प्रोत्साहन दे," म्हणून त्यांनी भाकरी पुढे केली.

मुख्याधिकाऱ्यांना मी यात खलनायक करणार नाही. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली. आमच्या गावच्या दोन्ही टोकांना जकात नाक्याच्या खोल्या अजून उभ्या आहेत, एकीत पंक्चरवाला बसतो. रोज तिजोरीत पडणारा पैसा गेला आणि त्याच्या बदल्यात शासनाकडून येणाऱ्या अनुदानाकडे डोळे लावून बसणं आलं. पगार, पाणीपट्टीची थकबाकी, पाइपलाइन, कचऱ्याच्या गाड्या. यातून बाजाराची नवी इमारत उभी करायची म्हटलं तर कुणीही आधी विकासकाच्याच दारात जाईल.

आणि बाजार नवा व्हायला हवाच होता. जुने ओटे आहेत, त्यांचे पत्रे वाऱ्यानं केव्हाच नेले. ओट्यांवर दुपारी पत्ते चालतात आणि भाजी खाली चिखलात बसते. अख्ख्या बाजारात बायांसाठी एक संडास आहे, त्याला कुलूप असतं, आणि किल्ली कुणाकडे हा प्रश्न गावातल्या तीन कार्यालयांना मी विचारलेला आहे. मावशी पहाटे चारला उठून ऑटोत माल भरते आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाणी पीत नाही. एकदा मी माझी बाटली पुढे केली तर म्हणाली, "नको बाई, मंग जाव कुठी?" बाजार जसा आहे तसाच राहू द्या असं म्हणणाऱ्यांनी एक शुक्रवार तिच्यासारखा काढून बघावा.

म्हणणारे पुष्कळ होते. त्यांत पुढे माझा दादा. बाजाराला लागून नगरपरिषदेच्या गाळ्यांची रांग आहे, त्यात आमच्या आजोबांच्या नावावरचा एक गाळा. आजोबा सायकली दुरुस्त करायचे, आता दादा सायकली, स्कूटी, फवारणीचे पंप असं काय येईल ते दुरुस्त करतो. गाळे पडणार म्हटल्यावर दुकानदारांनी बाजार बचाव समिती काढली. एक दिवस गाव बंद झालं. तहसीलसमोर मंडप पडला, आणि दादानं आयुष्यात पहिल्यांदा माईक धरला. तो चांगला बोलला. गावची जमीन बिल्डरच्या घशात, म्हणाला. गरीब भाजीवाल्या बाया कुठे जातील, म्हणाला. मंडपात भाजीवाली एकही नव्हती. बुधवार होता, त्या दुसऱ्या गावच्या बाजाराला गेल्या होत्या.

त्या रात्री मी चूक केली. दादाच्या समोर वही काढली.

आमच्या गाळ्याचं भाडं महिन्याला ३५० रुपये. करार कधीचा संपलेला, दर वर्षी थोडं वाढवून घेतात आणि पावती देतात. गाळा दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. दिवसाला चौरस फुटामागे दहा पैसेसुद्धा पडत नाहीत. मावशीचं पोतं चार बाय पाच. बाजारातल्या वसुलीचा हर्रास, म्हणजे लिलाव, ज्यानं घेतला त्याचा पोरगा शुक्रवारी तिच्याकडून वीस रुपये घेतो आणि चिठ्ठी फाडून देतो. चौरस फुटाला एक रुपया.

"तू शुक्रवारचा भाव लावून राहिली," दादा म्हणाला. "शुक्रवारी तर सोन्याचा भाव असते."

बरोबर होतं त्याचं. मी खोडून पुन्हा मांडलं. बाकीच्या दिवशी ती रस्त्याच्या कडेला बसते, तिथे दहा रुपये घेतात. म्हणजे पन्नास पैसे. तरी आपल्या पाचपट.

"अन् तिसरा गाळा?" मी विचारलं. तिसऱ्या गाळ्याचा मूळ मालक नागपुरात राहतो. त्यानं गाळा मोबाइलवाल्या पोराला पोटभाड्यानं दिलाय, ४ हजारांत. चौरस फुटाला रोजचा एक रुपया अकरा पैसे. आमच्या बाजारातल्या जागेचा खरा भाव काय, हे विचारायला मुंबईहून सल्लागार आणायची गरज नव्हती. मोबाइलवाला पोरगा तो भाव देत होता आणि मावशी देत होती. बाकी आम्ही सगळे सवलतीत बसलो होतो, आणि विकासक त्याच रांगेत शिरू बघत होता.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्या काय चोरी केली? दोन वर्सं दुकान बंद राह्यलं तर पोराची फी तू भरशीन?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पर्यायी जागा तात्पुरती देऊ, असं योजनेत होतं. आमच्या गावात 'तात्पुरतं' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेच्या तात्पुरत्या पत्र्याच्या खोलीत मी शिकले, आणि माझी भाचीही तिथेच शिकते आहे. वहिनीनं ताटं उचलली. जाताना एवढंच म्हणाली, "अन् तुमची अर्धी तिकीट?"

हे वर्मी लागलं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. मी पगारदार बाई, रोज दोन्ही वेळा अर्ध्या तिकिटात जाते. उरलेलं अर्धं शासन महामंडळाला भरून देतं. कंडक्टर कधी कधी मोठ्यानं म्हणतो, "चला, सरकारी पाहुण्या पुढं या." तेव्हा मला राग येतो, कारण हा माझा हक्क आहे असं मी मनात धरलेलं आहे. दादालाही त्याच्या ३५० रुपयांबद्दल तेच वाटतं. विकासकालाही शुल्कमाफीबद्दल तेच वाटत असेल. त्याच्या बायकोला विचारायला हवं.

मोठ्या आकड्यांवर मात्र आमच्या पानठेल्यावर कधीच भांडण होत नाही. नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा ८,६८० कोटींचा, दुसरा ६,७०८ कोटींचा. हे आकडे पेपरात वाचून लोक पान उलटतात. माझाही त्यावर राग नाही. मी सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनात गेले होते, तिथला संडास स्वच्छ होता, आत हुक होता, हुकाला पर्स अडकवून मी दोन मिनिटं उगाच उभी राहिले. मूर्तिजापूरचं स्टेशनही आता बघण्यासारखं झालंय. २२ मे २०२५ ला अमृत भारत योजनेतल्या ज्या १०३ स्टेशनांचं उद्घाटन झालं त्यात ते होतं. फक्त त्याच स्टेशनातून यवतमाळकडे आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला, सुमारे १९० किलोमीटरची आपली छोटी रेल्वे, कित्येक वर्षांपासून बंद आहे. दर्शनी भाग आधी, गाडी मागून कधीतरी. आमच्या फ्लेक्सवरची काच बघताना मला ते स्टेशन आठवायचं.

फ्लेक्स लागला तेव्हा नगरपरिषदेवर प्रशासक होता. निवडणुका वर्षानुवर्षं अडकलेल्या, त्यामुळे ज्या सभागृहात या विषयावर खुर्च्या आपटायला हव्या होत्या ते कुलूपबंद, आणि ठराव एका माणसाच्या सहीचा. हरकती मागवल्या, एवढीच काय ती लोकशाही. सुनावणीला सभागृह उघडलं तेव्हा टेबलांवर बोटभर धूळ होती. एक म्हातारे वकील उठले आणि त्यांनी कारंजा गावापासून सुरुवात केली: तिथला कापसाचा बाजार १८८६ मध्ये नियमनाखाली आला, देशात पहिला, मग १८९७ मध्ये वऱ्हाडच्या बाजारांसाठी कायदा झाला, तेव्हा बाजार ही खासगी वस्तू नाही हे वऱ्हाडाला कुणी शिकवू नये. टाळ्या पडल्या. मी शेजारच्या बाईंना हळूच म्हटलं, तो कायदा काही शेतकऱ्याच्या मायेपोटी झाला नव्हता, मँचेस्टरच्या गिरण्यांना धड कापूस हवा होता. त्या म्हणाल्या, "टाळ्या तर वाजवा."

मी लेखी हरकत दिली. तीन मुद्दे होते. पहिला, जाहिरातीत सगळं आहे, जमिनीची किंमत नाही. ती लिहावी, म्हणजे गाव नेमकं काय देतंय ते कळेल. दुसरा, फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे आधी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं आणि शहर फेरीवाला समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत. ही समिती कोण, हे बाजारात कुणालाच सांगता येत नाही. आणि भाजीचे ओटे तळमजल्यावरच हवेत. हा शेवटचा भाग मावशीनं सांगितलेला. नकाशात अर्धे ओटे पहिल्या मजल्यावर होते, तेव्हा ती म्हणाली होती, "दोन रुपयाच्या सांभारासाठी माडी कोन चढते, बाई?" अशा चढत्या जिन्यांवर मेलेले भाजीबाजार मी दोन-तीन गावांत पाहिले आहेत, वर कबुतरं राहतात, आणि बाया पुन्हा रस्त्यावर.

तिसरा मुद्दा लिहिताना पेन थांबलं होतं. नगरपरिषदेच्या सगळ्या गाळ्यांची यादी, भाडं, करार कधी संपला आणि आज प्रत्यक्षात दुकान कोण चालवतं, हे सूचना फलकावर लावावं. लिहिलं. आवक क्रमांकाचा शिक्का घेतला आणि घरी आले. दादाला संध्याकाळी समितीच्या लोकांकडून कळलं. तो पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. गाडी पंक्चर झाली तर मी दुसरीकडे नेली.

२ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं. प्रचारात सगळ्यांनी सगळ्यांना सगळं कबूल केलं: संकुल होईल, गाळे पडणार नाहीत, भाजीवाल्यांना हक्काची जागा, विकासकाला सहकार्य. २१ डिसेंबरला गुलाल उधळला. जानेवारीत मला नगरपरिषदेचं उत्तर आलं, दोन ओळींचं. आपली हरकत अभिलेखावर घेण्यात आली आहे. फ्लेक्स तिथेच आहे. उन्हानं कारंज्याभोवतीची माणसं आता निळी पडली आहेत.

त्याच आठवड्यात दादा रात्री खोलीत आला. हातात प्लास्टिकची पिशवी, आत सुतळीनं बांधलेला पावत्यांचा गठ्ठा. नव्या वाटपात जुन्या पावत्या लागतील असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "यातलं काय कामी पडते, पाय," एवढं म्हणून तो पलंगावर बसला. आम्ही तारखा लावत गेलो. वरच्या संगणकावरच्या, मग निळ्या कार्बनच्या, मग हातानं लिहिलेल्या. गाळ्याची पहिली पावती आणि तिच्याबरोबर अनामतीची. आम्हाला वाटलं संपलं. पण तिच्याखाली लहान लहान, बोटभर कागद निघाले, गुलाबी रंग उडालेले. त्यांवर गाळा नंबर नव्हता. 'बाजार बैठक' असं छापलेलं आणि पुढे पंचवीस पैसे.

आजोबांनी गाळा घेण्याआधी ते बाजारात खाली बसायचे, हे मला माहीत नव्हतं. दादालाही नव्हतं. बाबांना हाक मारली. ते दारातूनच म्हणाले, "हाव तर. निंबाखालीच बसत जायचे, पाना अन् हवेचा पंप घेऊन. गाळे बांधले तवा ज्याच्यापाशी चिठ्ठ्या होत्या त्याले पयले इचारलं. अनामत भराले आजीच्या पाटल्या मोडल्या. बाकीच्याईजवळ पैसे नवते, ते गेले."

"कुठी गेले?" मी विचारलं.

"आता ते काय माहीत."

दादानं गुलाबी चिठ्ठ्या पुन्हा नीट रचल्या, चारही बाजू जुळवून. पिशवीची गाठ मारताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या बुढीले सांग. चिठ्ठ्या जपून ठेव म्हना."

शुक्रवारी तीनची बस चुकवली आणि मावशीला सांगितलं. सर्वेक्षण झालं तर पुरावा लागेल, इथे किती वर्षं बसता ते दाखवावं लागेल, म्हणून चिठ्ठ्या ठेवत चला. ती ऐकत होती आणि एका गिऱ्हाइकाला मेथी मोजून देत होती. तेवढ्यात वसुलीचा पोरगा आला. तिनं कमरेच्या पिशवीतून वीसची नोट दिली, त्यानं चिठ्ठी फाडली. तिनं ती घेतली, दोन पदरी दुमडली, आणि सवयीनं तराजूच्या हलक्या पारड्याखाली पाचर म्हणून सरकवली.

"मावशी, हीच ती," मी म्हटलं.

तिनं चिठ्ठी काढून हातावर पसरली. मिरच्यांच्या पाण्यानं अक्षरं आधीच पसरली होती.

"अन् आंधीच्या?" मी विचारलं.

"आंधीच्या," ती म्हणाली, आणि निंबामागच्या नालीकडे तिनं हनुवटीनं खूण केली. "तीस वर्साच्या तिथंच हायेत, बाई. पाहून घ्या."